टॉलिव्हर कोणत्या दाराने गेला

८ जानेवारी, गुरुवार

ही वही कॅझने, माझ्या नवऱ्याने, बोटीच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्या चार पानांवर त्याचं अक्षर आहे: वारा, पाण्याची खोली, किती मासे मिळाले. ती पानं मी फाडली नाहीत. पाचव्या पानापासून माझं.

आज दुपारी टेरीच्या बारमध्ये आमच्या चाहत्यांच्या क्लबची बैठक झाली. आम्ही अकरा जण, सगळे निवृत्त. सतरा सामन्यांत तीन विजय मिळवून ड्रेजर्सचा, आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा, हंगाम संपला आणि सोमवारी मालकांनी जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक दोघांनाही घरी पाठवलं. नवा मॅनेजर व्हिटेकर नावाचा आहे, अडतीस वर्षांचा. तो म्हणे कॉम्प्युटरवर आकडेमोड करून खेळाडू निवडतो.

"अडतीस!" चेट म्हणाला. "माझे बूट त्याच्यापेक्षा जुने आहेत."

"तुझ्या बुटांनी तरी चार सामने जिंकले असते," टेरी काउंटरमागून म्हणाली.

मग गाडी नेहमीच्या रुळावर आली. क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू व्हायचा तो हातच आमच्याकडे टिकत नाही. चौदा वर्षांत अकरा झाले. आत्ताचा टॉलिव्हर दोन वर्षं आहे, पंचवीस वर्षांचा, लुइझियानाचा. चेट म्हणतो त्याला काढा आणि एप्रिलच्या निवडीत कॉलेजातला नवा पोरगा घ्या. लिओ म्हणतो पोराला राहू द्या.

"त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण दारासारखे उघडतात," लिओ म्हणाला. "तो बिचारा चेंडू फेकणार कधी? नोव्हेंबरातला तो सामना त्यानेच जिंकून दिला ना?"

"त्यानेच तो बावीस मिनिटं लांबवला," मी म्हणाले.

माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला असावा. चेटने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ग्लासात. तो कॅझचा चव्वेचाळीस वर्षांपासूनचा मित्र. शेवटी असं ठरलं की क्लबतर्फे नव्या मॅनेजरला पत्र पाठवायचं आणि ते मी लिहायचं. मी शाळा सोळाव्या वर्षी सोडली आणि एकतीस वर्षं शाळेच्याच स्वयंपाकघरात काढली. पण लायब्ररीचं कार्ड माझं सर्वांत झिजलेलं आहे, म्हणून हे काम नेहमी माझ्याकडे येतं.

१३ जानेवारी, मंगळवार

आजही गाडीतच बसून राहिले. सहावा मंगळवार.

मुलगी फोनवर दर वेळी विचारते, "आई, गेलीस का?" मी म्हणते गेले. खोटं नाही तसं. लूथरन चर्चच्या आवारापर्यंत जातेच की मी. आमचं चर्च सोडून तिथे जाते, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. मंगळवारी दहा वाजता तिथे दोन मंडळ्या बसतात. पुढच्या दाराने तळघरात उतरतात ते दारू सोडू पाहणारे. बाजूच्या उताराच्या दाराने जातात ते ज्यांचं माणूस गेलंय ते. पाटी कुठेच नाही. सहा आठवडे बघत बसलं की कळतं.

दहाला पाच मिनिटं असताना एक उंच मुलगा जाकिटाची टोपी डोक्यावर ओढून आला. बाजूच्या दाराशी गेला. दार उघडलं, हाताने धरलं आणि वळून आवारावर नजर टाकली, बराच वेळ, कोणी बघतंय का बघावं तशी. तेव्हा मी त्याला ओळखलं. टॉलिव्हर.

मी सीटवर खाली सरकले. तो आत गेला.

घरी येऊन बटाटे सोलले. एकटीला चार बटाटे कशाला लागतात, ते सोलून झाल्यावर लक्षात आलं.

१५ जानेवारी, गुरुवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

बैठकीत पुन्हा टॉलिव्हरवरून जुंपली होती. लिओ आकडे घेऊन आला होता आणि त्याचे आकडे बरोबर होते. चेट लालबुंद झाला होता. आणि मी म्हणाले, "मंगळवारी दहा वाजता मी त्याला लूथरन चर्चमध्ये जाताना पाहिलं. आत जायच्या आधी चोरासारखा मागे बघत होता."

 मग टेरी म्हणाली, "मंगळवारी दहाला? तिथे तर पिणारे बसतात. माझा मेहुणा जायचा."

 माझ्यापुढे बशी होती, तिच्यातला कांदा मी बाजूला सारत राहिले.

"तरीच!" चेटने टेबलावर थाप मारली. "तरीच तसले चेंडू फेकतो. दुसऱ्या संघाच्या हातात नेऊन देतो पोस्टमनसारखा!"

लिओ मात्र माझ्याकडेच बघत होता. "बर्नी, त्या चर्चला दोन दारं आहेत. मी तिथली हीटरची भट्टी दुरुस्त करायला जायचो. कोणत्या दाराने गेला तो?"

"पुढच्या," मी म्हणाले.

एकच शब्द. तोंडातून इतका सहज निघाला की मलाच नवल वाटलं. लिओ म्हणाला, "मग काय बोलणार," आणि त्याने आकड्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. टेरीने मला चेरी पायचा तुकडा आणून दिला, मी मागितला नव्हता. नोव्हेंबरपासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आज पहिल्यांदा सगळे मोठ्याने बोलले आणि मला मधे घेऊन बोलले. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

चेटने रेडिओवर फोन केला. दुपारचा राल्फचा कार्यक्रम, जिथे सगळा जिल्हा ड्रेजर्सच्या नावाने शंख करतो. मी इस्त्री करत होते.

"माझ्याकडे पक्की बातमी आहे," चेट म्हणाला. "एक बाई आहेत, चर्चला जाणाऱ्या, कधी खोटं न बोलणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

राल्फ आधी म्हणाला असं बोलू नये. मग पुढचे दोन तास तेच बोलला.

उशीच्या अभ्र्यावर इस्त्री राहून गेली. डाग पडला.

२० जानेवारी, मंगळवार

आवारात टीव्हीची गाडी उभी होती. माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन पुढच्या दारासमोर. टॉलिव्हर आला नाही, किंवा आला असेल तर रस्त्यावरूनच वळला असेल.

मी त्याच्यासाठी वाईट वाटून घ्यायची तयारी करून गेले होते. पण घडलं दुसरंच. कामाच्या जाकिटातला एक माणूस पायी आला. माझ्या वयाचा, हात थरथरत होते. कॅमेरा पाहून थांबला. टोपी खाली ओढली, क्षणभर उभा राहिला आणि आल्या वाटेने परत गेला. त्याच्यामागून एक बाई आली, तीही गाडीतून न उतरताच निघून गेली.

या लोकांचा मी विचारच केला नव्हता. ते आज कुठे गेले असतील याचा मात्र दिवसभर केला.

२२ जानेवारी, गुरुवार

पत्र लिहिलं. चेटच्या आग्रहावरून एक वाक्य घातलं: "ज्याच्या हाती चेंडू द्यायचा त्याचा हात शुद्ध आणि शांत असावा, एवढी अपेक्षा या गावाने करू नये काय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेरी म्हणाली, "बर्नी, तू पेपरात लिहायला हवं होतंस." वाक्य चांगलं आहे. मीच तीनदा लिहून बसवलं. तेच मला खुपतंय, की मी ते नीट बसवलं.

खाली अकरा सह्या आहेत. लिओने सर्वांत शेवटी केली, आणि अगदी बारीक अक्षरात.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

महिनाभर वही उघडली नाही. राल्फच्या कार्यक्रमातलं आता सगळ्या देशात पसरलंय. लोक टॉलिव्हरच्या फोटोच्या हातात बाटली चिकटवून एकमेकांना पाठवतात. चेटने मलाही दाखवला. मी हसले.

आज ईस्टरआधीचे उपास सुरू झाले, म्हणून पापांची कबुली दिली. फादर तरुण आहेत आणि ड्रेजर्सचे चाहते आहेत. जाळीमागे ते खुर्चीत हलले ते मला ऐकू आलं.

"ज्यांना सांगितलंत त्यांना जाऊन सांगा," ते म्हणाले. "मला सांगून तो भाग सुटत नाही." मग थोडं थांबून, "त्या मुलाचा तुम्हाला एवढा राग का?"

मी म्हटलं, वाईट खेळतो म्हणून. फादर म्हणाले, "वाईट तर सगळेच खेळतात."

म्हणून आता लिहिते. एकदाच.

सोळा नोव्हेंबर, रविवार. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर ड्रेजर्सचा सामना बघत तिघं होतो. कॅझ त्याच्या खुर्चीत, मी सोफ्यावर, चेट जिन्यापाशी उभा. तो उभा होता कारण आपण पुढे गेलो तेव्हा तो बाथरूममधून येत होता. आपण पुढे असताना कोणी जागा बदलायची नाही हा आमचा नियम. जो जिथे असेल तिथेच. एकदा मी एक अख्खा तास ओव्हनचे हातमोजे घालून बसले होते. हसण्यासारखंच आहे, आम्हीही हसायचो, पण नियम मोडत नव्हतो.

सात गुणांनी पुढे होतो. कॅझ म्हणाला, "जरा बाहेर हवेत जाऊन येतो. छातीवर जड वाटतंय."

मी म्हणाले, "आत्ता? आठ मिनिटं राहिलीत. हलू नकोस!"

तो बसला. चेट काय म्हणाला ते आठवत नाही. मग टॉलिव्हरने तो चेंडू फेकला, सरळ दुसऱ्यांच्या माणसाच्या हातात, आणि तो पळत सुटला. बरोबरी. जादा वेळ. जाहिराती धरून बावीस मिनिटं. मी पुन्हा पुन्हा मोजलीत. शेवटी आपण जिंकलो तेव्हा मी उडी मारली, चेटने उडी मारली. कॅझ बसूनच होता. मी सांगितलं होतं तसा तो हलला नव्हता.

हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हणाला, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता.

बावीसातून वीस गेले. हा हिशोब मी कोणाच्या तरी गळ्यात घालणारच होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज क्लबात सांगितलं. म्हणजे सांगितलं असं म्हणता येणार नाही. मी म्हणाले, "टॉलिव्हरबद्दल माझी चूक झाली असेल. बर्फ पडत होता. कदाचित तो दुसराच कोणी असेल."

"बघा, उपासाचे दिवस लागले आणि बर्नीला दया आली," चेट म्हणाला. सगळे हसले.

"खरंच, मला नीट दिसलं नसेल."

"बर्नी, तुला लांबून पाटीवरचा मासळीचा भाव वाचता येतो. सोड. तू चांगली बाई आहेस, हे आम्हाला माहीत आहे."

चांगली बाई. मी पुन्हा गप्प बसले. त्यांनी मला सोडलं नाही, असं मी स्वतःला सांगत घरी आले. खरं म्हणजे मी दाराला हात लावला आणि परत फिरले, आणि दार बंद होतं म्हणून सांगत सुटले.

रात्रीच्या जेवणाआधी व्हिटेकरला वेगळं पत्र लिहिलं, फक्त माझ्या सहीचं. त्यात स्पष्ट लिहिलं की मी खोटं बोलले. समोर माणूस नसला की मला धीटपणा जमतो.

१२ मार्च, गुरुवार

टॉलिव्हरला देऊन टाकलं. पश्चिमेकडच्या एका संघाला, बदल्यात एप्रिलच्या निवडीतली पाचव्या फेरीची एक संधी. म्हणजे जवळजवळ फुकट. व्हिटेकर पत्रकारांना म्हणाला, "हा निर्णय केवळ खेळाचा आहे." असेलही. त्याच्या आकड्यांमध्ये माझं खोटं कुठल्या रकान्यात बसलं, की बसलंच नाही, हे मला कधीच कळणार नाही.

माझ्या पत्राचं उत्तरही आज आलं. छापील. "प्रिय चाहते, आपल्या उत्साहाबद्दल आभार." सोबत टोपीवर पंधरा टक्के सवलतीचं कुपन.

टेरीच्या बारमध्ये चेटने सगळ्यांना बिअर पाजली. मी गुडघा दुखतो म्हणून गेले नाही. गुडघा ठणठणीत आहे.

१७ मार्च, मंगळवार

कॅमेरेवाले आता येत नाहीत. दहाला दहा मिनिटं असताना मी गाडीतून उतरले आणि बाजूच्या दाराने आत गेले. वाटलं, तो गाव सोडण्याआधी आला तर इथेच येईल.

आलेला होता. सात घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं भांडं. मंडळी चालवणारी पॅट पूर्वी नर्स होती. नियम एवढाच की फक्त पहिलं नाव सांगायचं, आणि इथलं इथेच ठेवायचं. म्हणून इतर जण काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं मी लिहू शकते.

पॅटने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बर्नडीन. नवरा, कॅझ. नोव्हेंबरात. त्याला बाहेर जायचं होतं आणि मी त्याला उठू दिलं नाही. सामना चालू होता. आपण पुढे होतो."

त्या खोलीत कोणी चकित झालं नाही. पुढे असताना न हलायचा नियम सगळ्यांना माहीत होता. कोपऱ्यात डेल म्हणून न्हावी होता, त्याची बायको गेल्या वर्षी गेली. तो म्हणाला, "कोणता सामना? सोळा तारखेचा? त्यात कोण जिंकलं हो शेवटी?"

"डेल!" पॅट ओरडली. डेल कानापर्यंत लाल झाला.

"आपण," टॉलिव्हर म्हणाला. अगदी हळू. तो जमिनीकडे बघत होता. "जादा वेळेत."

बैठक संपल्यावर मी त्याला आवारात गाठलं. तो फारच उंच आहे. टीव्हीवर कळत नाही.

"मि. टॉलिव्हर, ती चर्चला जाणारी बाई मी. रेडिओवरची. तुम्ही या दाराने आत गेलात हे मी पाहिलं होतं आणि मी पुढचं दार सांगितलं. जाणूनबुजून."

त्याला समजायला वेळ लागला. "करडी गाडी," तो म्हणाला. "त्या करड्या गाडीतल्या तुम्ही?"

"हो."

"मॅम, मी तुम्हाला दोनदा तिथे बसलेलं पाहिलं होतं. मलाही आत जायला तीन आठवडे लागले होते. म्हणून त्या दिवशी मी दार धरून उभा राहिलो. वाटलं, तुम्ही येताय."

मी त्या दाराकडे पाहिलं.

"माझे बाबा दारूपायी गेले," तो म्हणाला. "सप्टेंबरात. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही. आईने हे सगळं फोनवर पाहिलं. आता रोज सकाळी फोन करते आणि मला तिच्याशी बोलायला लावते, जीभ जड आहे का ते ऐकायला. मी कितीही सांगितलं तरी म्हणते, तुझे बाबाही असंच सांगायचे."

"मी तिला फोन करू?"

"नको," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढला. "तिला तुम्ही फोन करायचा नाही. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा. आणि बाबांचं नाव न घेता."

"हो."

तो गाडीत बसला. माफ केलं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी ते घेऊन घरी गेले असते आणि पुन्हा गप्प बसले असते.

१६ एप्रिल, गुरुवार

पाच गुरुवार गेले. पाचही वेळा गुडघा. ईस्टरला चेट घरी येऊन सॉसेज देऊन गेला आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्याशीच थांबला. आत ये म्हटलं तर म्हणाला, बूट ओले आहेत. बाहेर कोरडं ऊन होतं.

मंगळवारी मी जाते. टॉलिव्हर गेलाय. आता आवारात एका गाडीत एक तरुण बाई बसून असते, मागे लहान मुलाची रिकामी सीट. तिला काय म्हणावं मला सुचत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

काल निवड झाली. व्हिटेकरने पहिल्याच फेरीत आयोवाचा एकवीस वर्षांचा मुलगा घेतला. आज दुपारी चेटने सगळ्यांना टेरीकडे बोलावलं. मी गेले.

"आला तारणहार!" चेट ओरडत होता.

"अकरा तारणहार पाहिले मी," लिओ म्हणाला. "यालाही दोन वर्षांत सुळावर चढवाल."

"बर्नी आली! बर्नी, त्याला स्वागताचं पत्र लिहायचंय. आणि हो," चेटने मला डोळा मारला, "याच्यावरही नजर ठेव. तुझ्यापासून काही लपत नाही."

सगळे हसले. मी बसले नाही. बसले असते तर राहिलंच असतं.

"टॉलिव्हर पुढच्या दाराने गेला नव्हता," मी म्हणाले. "मला नीट दिसलं होतं, बर्फ नव्हता, माझी चूक झाली नव्हती. मी खोटं बोलले. तो पीत नाही. तो कोणत्या दाराने गेला ते मी सांगणार नाही. मी कुठे होते ते सांगते. मी बाजूच्या दारासमोर गाडीत बसले होते, सहा मंगळवार, कारण कॅझ गेलाय आणि मला आत जायचं धाडस होत नव्हतं."

लिओला सगळं कळलं असणार. त्याला ती दारं ठाऊक आहेत. त्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसला, तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याचे मी मनात आभार मानले.

"पण का, बर्नी?" टेरीने विचारलं.

"त्याने तो सामना बावीस मिनिटं लांबवला म्हणून. कॅझला बाहेर जायचं होतं. मी म्हणाले हलू नकोस. मग मला कोणीतरी दुसरा हवा होता."

एखादी गोष्ट सांगून झाल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. कपडे न घालता उभं असल्यासारखं वाटलं. टेरीने टीव्हीचा आवाज बंद केला, त्यामुळे आणखीच.

चेट उठला. मला वाटलं निघून जाईल. त्याने माझ्याकडे फसवल्या गेलेल्या माणसासारखं बघायला हवं होतं, मी त्याला सगळ्या देशापुढे खोटा पाडला होता. पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

"मी काय म्हणालो ते तुला आठवत नाही?" त्याने विचारलं.

"कधी?"

"तेव्हा. तू म्हणालीस हलू नकोस, तरी तो उठत होता, बर्नी. हात खुर्चीवर टेकले होते त्याने. मी जिन्याकडून म्हणालो, कॅझ, तू गेलास आणि आपण हरलो तर तुझ्या थडग्यावर लिहीन, याच्यामुळे हरलो." त्याने ग्लास बाजूला सारला. "तो हसला. हसला आणि परत बसला. तुझ्यामुळे नाही बसला. माझ्यामुळे बसला."

मला खरंच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पाच महिने हा माणूस टॉलिव्हरच्या नावाने का ओरडत होता, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मी स्वतःला वाचणारी बाई समजते.

आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो वगैरे नाही. चेटने नाक पुसलं आणि खिशातून फोन काढला. राल्फचा कार्यक्रम चालू होता.

"विषय काय, सर?" फोन घेणारी मुलगी विचारत होती. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"टॉलिव्हर."

"तो गेला, सर. आज फक्त नव्या मुलाबद्दल." खट्.

त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लिओ म्हणाला, "सांग ना नव्या पोराबद्दल बोलायचंय म्हणून. एकदा आत शिरलास की बोल काय ते."

"नको," मी म्हणाले. "एवढं तरी सरळ होऊ दे." आणि फोन माझ्याकडे घेतला.

"नाव?"

"बर्नडीन व्होयचिक. वॉटर स्ट्रीट, पोर्ट अल्डन."

"विषय?"

"जानेवारीत तुमच्या कार्यक्रमात एका चर्चला जाणाऱ्या बाईचा उल्लेख झाला होता. ती मी. मी खोटं बोलले होते."

 मग ती मुलगी म्हणाली, "लाइनवर राहा, मॅम."

अर्धा तास राहिले. चेट शेजारच्या स्टुलावर, माझ्याकडे न बघता. आयोवाच्या मुलाचा हात केवढा आहे, त्याची आजी काय म्हणाली, त्याला पोहता येतं का, सगळं ऐकून झालं. मग राल्फ म्हणाला, "बर्नडीन, बोला." मी बोलले. कॅझबद्दल बोलले नाही, दारांबद्दल बोलले नाही. एवढंच सांगितलं, की जेरेल टॉलिव्हर दारू पितो असं मी लोकांना समजू दिलं, ते खोटं होतं हे मला माहीत होतं, आणि त्याच्या घरच्यांनी हे ऐकावं. माझ्यानंतर चेटने फोन घेतला आणि म्हणाला, "आणि ते इथे मी सांगितलं. मी चेट." दीड मिनिट लागलं असेल. पुढचा फोन पुन्हा आयोवाच्या मुलाबद्दल होता.

घरी आले, कोट काढला, आणि तेव्हा लक्षात आलं की लुइझियानात, त्याच्या आईला, हा कार्यक्रम ऐकू येतो की नाही, ते त्या मुलीला विचारायचं राहिलं.